गर्भारपणातलं ड जीवनसत्त्व आणि बाळाची अ‍ॅलर्जी: चाचण्या नक्की काय सांगतात?

निरंजनी

गरोदरपणावरच्या धाग्यांमध्ये हल्ली एक वाक्य फार दिसतं. 'पोटात असताना आईचं ड कमी होतं, म्हणून बाळाला इसब झाला.' कधी इसबाच्या जागी 'छाती वाजते' असतं, कधी 'अंडं सोसत नाही'. लिहिणारी माहिती म्हणून लिहिते, पण जिचं मूल रात्रभर अंग खाजवतंय तिला तो आरोप वाटतो. त्यामागोमाग 'मी तर रोज इतकं घेतलं' अशी चढाओढही सुरू होते. म्हणून वेगळा धागा काढतेय. मी डॉक्टर नाही. संशोधनाचे निबंध वाचणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे, तेवढ्याच भांडवलावर लिहितेय. जाणकारांनी भर घालावी.

आधी ही कल्पना आली कुठून ते पाहू. २००७ साली अगस्टो लिटोन्ज्वा आणि स्कॉट वाइस या दोघा अमेरिकन संशोधकांनी प्रश्न टाकला: जगभर दमा इतका वाढलाय त्यामागे ड जीवनसत्त्वाची कमतरता तर नाही? माणसं घरात आणि ऑफिसात कोंडली गेली, ऊन अंगावर पडेनासं झालं, असा त्यांचा युक्तिवाद. त्याच वर्षी बॉस्टन आणि अ‍ॅबर्डीन इथले दोन मोठे अभ्यास आले. ज्या गर्भवतींच्या आहारात आणि गोळ्यांत मिळून ड जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या छातीत घरघर कमी आढळली.

शरीरशास्त्राच्या बाजूनेही हे पटण्यासारखं आहे. रोगप्रतिकारक पेशींवर ड जीवनसत्त्व ओळखणारे ग्राही असतात. प्रतिकारशक्तीला 'आता पुरे' म्हणून आवरणाऱ्या ज्या नियामक टी-पेशी असतात, त्यांना ड बळ देतं असं प्रयोगशाळेत दिसतं. गर्भाची फुप्फुसं घडतानाही त्याचा हात असतो. आणि गर्भाला हे सगळं आईकडूनच, वारेतून मिळतं. जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातली पातळी आईच्या पातळीच्या साधारण ६० ते ८० टक्के भरते.

इथवर सगळं छान जुळतं. पण याच्या नेमकं उलट सांगणारे अभ्यासही आहेत आणि त्यांचा उल्लेख कुणीच करत नाही. १९९९ मध्येच जर्मनीतून एक मत मांडलं गेलं होतं की बाळांना सर्रास ड देणं हेच अ‍ॅलर्जी वाढण्याचं कारण असू शकेल. फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या मुलांचा मोठा गट पुढे अनेक वर्षं अभ्यासला गेला. तान्हेपणी ज्यांना नियमित ड दिलं होतं, त्यांच्यात ३१ व्या वर्षी अ‍ॅलर्जीची सर्दी जास्त दिसली. साउथॅम्प्टनच्या २००८ च्या अभ्यासात ज्या आयांच्या रक्तातली पातळी ७५ नॅनोमोल प्रति लिटरच्या (म्हणजे ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या) वर होती, त्यांच्या बाळांत ९ महिन्यांच्या वयात इसब जास्त होता. लाइपझिगमध्ये २०१३ साली आईची पातळी जास्त तिथे मुलांत अन्नाची अ‍ॅलर्जी जास्त, असं निघालं.

म्हणजे ज्याला जे हवं ते त्याने उचलावं, इतकी सोय आहे. कारण उघड आहे. ड ची पातळी एकटी येत नाही. जी बाई बाहेर फिरते, वेळेवर गोळ्या घेते, जिचं वजन आटोक्यात आहे, जी सिगारेट ओढत नाही, तिची पातळी सहसा बरी असते आणि तिच्या मुलाची तब्येत चांगली असण्याची दुसरीही दहा कारणं असतात. नुसत्या निरीक्षणातून हा गुंता सुटत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात.

तशा दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१६ साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. अमेरिकेतली 'व्हीडार्ट' ही लिटोन्ज्वा आणि वाइस यांचीच. आपलीच कल्पना आपणच कसाला लावली, याचं मला कौतुक वाटतं. त्यात सुमारे ८८० गर्भवती होत्या. प्रत्येक बाळाच्या आईला किंवा वडिलांना दमा, इसब किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी होती. एका गटाला रोज ४४०० युनिट, दुसऱ्याला ४००, सुरुवात १० ते १८ आठवड्यांच्या दरम्यान. ३ वर्षांपर्यंत दमा किंवा वारंवार घरघर झालेली मुलं: जास्त डोसच्या गटात २४.३ टक्के, कमी डोसच्या गटात ३०.४ टक्के. दुसरी चाचणी डेन्मार्कची, 'कोप्सॅक'. ६२३ गर्भवती, २४ व्या आठवड्यापासून २८०० विरुद्ध ४०० युनिट. तिथे सतत घरघर असणारी मुलं १६ आणि २० टक्के. दोन्हीकडे फरक एकाच दिशेने, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर अमेरिकेचा थोडक्यात हुकला आणि डेन्मार्कचाही उतरला नाही. इसबात फरक दिसला नाही.

मुलं ६ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. आता दोन्ही चाचण्यांत दम्यावर परिणाम दिसला नाही. अमेरिकेचा हा निकाल २०२० मध्ये आला.

माझं मत एवढंच: गर्भारपणात ड घ्यायला भक्कम कारणं आहेत, पण अ‍ॅलर्जी टाळणं हे त्यातलं नाही. आणि मुलाला अ‍ॅलर्जी निघाली म्हणून आईने जुने रिपोर्ट उपसत बसायला तर बिलकुल आधार नाही.

पाऊलवाट

रुमाल टाकून ठेवते. सावकाश वाचून लिहीन.

तिरकस

म्हणजे इतके वर्ष गोळ्या विकून झाल्यावर कळलं की उपयोग नाही. ऊन फुकट मिळतं ना, तिथे का नाही पाठवत बायकांना?

सांजवात

निरंजनी, लेख छान आहे, पण आता गोंधळ वाढला. मला सातवा महिना सुरू आहे. रिपोर्टमध्ये ड १४ आलंय आणि डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात. माझ्या नवऱ्याला लहानपणी दमा होता, म्हणून मी त्या जरा जास्तच मनोभावे घेत होते. उपयोग नसेल तर बंद करू का?

बालवैद्य

सांजवात, कृपा करून बंद करू नका. धागाकर्तीचंही तसं म्हणणं नाही. मी लहान मुलांचा डॉक्टर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ड जीवनसत्त्वाचं मुख्य काम कॅल्शियम आतड्यातून रक्तात आणणं. गर्भारपणात शरीर हे काम वाढवतं. ड चं जे सक्रिय रूप आहे त्याची रक्तातली पातळी गरोदर बाईत दुपटीच्याही वर जाते, कारण बाळाचा सांगाडा घडायचा असतो. आई फारच कमतरतेत असेल तर बाळ रिकाम्या साठ्यावर जन्माला येतं. अशा बाळांत कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात. पुढे मुडदूस होऊ शकतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, अशी बाळं हाताळली आहेत. तुमची पातळी १४ नॅनोग्रॅम असेल तर ती कमीच आहे. डॉक्टरांनी दिलेला डोस तुम्हाला या कारणासाठी दिलाय. बाळाला दमा होणार नाही याची हमी म्हणून दिलेला नाही, एवढाच फरक लक्षात ठेवा.

मार्गदर्शक संस्थांचं एकमत नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी शोधून आणेलच. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून म्हणते की सगळ्या गर्भवतींना सरसकट ड देण्याची शिफारस नाही. ब्रिटनमध्ये रोज ४०० युनिट घ्यायला सांगतात, अमेरिकेत ६०० ची गरज धरतात. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये गर्भवतींना ड द्यावं असं सुचवलं, पण कारणं दिली ती गर्भारपणातला वाढलेला रक्तदाब, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वाढीचं बाळ ही. त्यांनी असंही म्हटलं की निरोगी गर्भवतीचं रक्त त्यासाठी उठसूट तपासायची गरज नाही.

आणि अ‍ॅलर्जीपुरतं विचाराल तर जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत ड मुळे मुलांची अ‍ॅलर्जी टळते या कल्पनेला आधार सापडला नाही असं सरळ लिहिलंय.

@तिरकस, उन्हाबद्दल. त्वचेत ड तयार व्हायला अतिनील 'बी' किरण लागतात. ते काचेतून येत नाहीत, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जेमतेम असतात, गडद त्वचेला जास्त वेळ लागतो, अंगभर कपडे असतील तर विषयच संपला. ऊन चांगलंच आहे. पण ज्या बाईची पातळी १४ आहे, तिला सातव्या महिन्यात 'उन्हात बस' एवढंच सांगून पाठवणं मला जमणार नाही.

तिरकस

काचेचं माहीत नव्हतं. माझी खुर्ची खिडकीतच आहे. :)

आकडेमोड

संख्याशास्त्राची बाजू मांडतो, कारण 'थोडक्यात हुकला' या शब्दांवर बऱ्याच गाड्या घसरतात.

व्हीडार्टचा पी (म्हणजे ड चा काही परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) आला ०.०५१. प्रथेनुसार रेषा ०.०५ ला. त्यामुळे एका बाजूचे म्हणाले 'निष्फळ', दुसऱ्या बाजूचे म्हणाले 'जवळजवळ सिद्ध'. दोन्ही अतिशयोक्ती. ०.०४९ आला असता तर जग बदललं नसतं, ०.०५१ आल्याने परिणाम शून्य झाला असंही नाही. पुढे २०१७ मध्ये दोन्ही चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा ३ वर्षांपर्यंतचा दमा किंवा घरघर सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसली आणि ती या वेळी रेषेच्या आत होती. गंमत पुढे आहे. सर्वाधिक फायदा ज्या बायकांची पातळी सुरुवातीलाच ३० नॅनोग्रॅम किंवा वर होती त्यांना. ज्यांना खरी कमतरता होती त्यांना तेवढा नाही! यावरून काहींनी तर्क केला की फुप्फुसं घडायची सुरुवात फार लवकर होते, तेव्हा गोळ्या दिवस राहण्याआधीच सुरू हव्यात. तर्क वाईट नाही. पण तो निकालानंतर सुचलेला तर्क आहे. तो तपासायला नवी चाचणी लागेल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तीन वर्षांखालच्या मुलाची छाती वाजणं आणि दमा या वेगळ्या गोष्टी आहेत. लहान मुलांच्या श्वासनलिका अरुंद असतात, साध्या सर्दीच्या विषाणूने वाजतात आणि बहुतेक मुलं मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात. त्यामुळे ३ व्या वर्षी दिसलेला फरक ६ व्या वर्षी नाहीसा झाला याचा एक अर्थ असा: ड मुळे झालाच असेल तर लहानपणच्या घरघरीवर थोडा परिणाम झाला, अ‍ॅलर्जीच्या दम्यावर नाही. आता ती घरघर कमी होणंही काही क्षुल्लक नाही. रात्री दोनला मुलाला घेऊन धावणाऱ्या आईबापांना विचारा.

पाऊलवाट

वाचलं. डेन्मार्कच्या चाचणीबद्दल एक अवांतर: त्याच प्रकल्पात गर्भवतींना चिठ्ठ्या टाकून माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही दिल्या होत्या, शेवटच्या तिमाहीत रोज २.४ ग्रॅम. त्यात मुलांचा दमा किंवा सततची घरघर २३.७ वरून १६.९ टक्क्यांवर आली, आणि हा फरक कसोटीला उतरला. म्हणजे ड वर इतका गाजावाजा आणि शेजारच्याच निकालाबद्दल शांतता.

दुसरं अवांतर. त्याच मुलांचे दात ६ व्या वर्षी तपासले. ज्यांच्या आयांनी जास्त ड घेतलं होतं, त्यांच्यात दातांच्या आवरणातले दोष जवळपास निम्मे होते, १५ विरुद्ध २७ टक्क्यांच्या आसपास. शोधायला गेले दमा, हाती लागले दात.

बालवैद्य

पाऊलवाट, दातांचा निकाल मलाही आवडतो. मात्र माशाचं तेल घ्यायला लगेच कुणी धावू नका. ज्या आयांच्या रक्तात त्या तेलातली मेदाम्लं मुळातच कमी होती त्यांच्यातच फायदा ठळक होता.

इरा_

इतका वेळ नुसती वाचत होते. लिहू की नको असं चाललं होतं.

माझ्या मुलाला तिसऱ्या महिन्यात इसब सुरू झाला. गाल, कोपर, गुडघ्यांमागे. पुढे अंड्याची अ‍ॅलर्जी निघाली. मी गर्भारपणात ड ची एकही गोळी चुकवली नव्हती, पातळी उत्तम होती. तरी सासूबाई म्हणाल्या, तू दिवसभर घरातच बसायचीस, उन्हात गेली नाहीस. आणि एका फोरमवर कुणीतरी उलट सांगितलं की गोळ्या जास्त झाल्या असतील, त्यानेच झालं. म्हणजे कमी घेतलं तरी मी आणि जास्त घेतलं तरी मीच. निरंजनीने वर ते दोन्ही बाजूंचे अभ्यास शेजारी शेजारी ठेवले ते वाचून पहिल्यांदा वाटलं की हा हिशोब मुळात माझ्या डोक्यावर नव्हताच.

निरंजनी

इरा, लिहिलंस ते बरं केलंस. नव्हताच. इसबात त्वचेच्या आवरणाचा मोठा भाग असतो आणि तो बऱ्याच अंशी जनुकांतून येतो. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन कमी बनवणारं जनुक असेल तर त्वचा कोरडी, तडे गेलेली राहते, त्यातून नको ते आत शिरतं. आईने दुपारी कुठे बसावं याचा त्याच्याशी संबंध नाही.

इसबावरचा एक निकाल मात्र मूळ लेखात यायला हवा, तो इथे जोडते. ब्रिटनची 'मॅव्हिडॉस' चाचणी, मूळ उद्देश बाळांची हाडं. १४ व्या आठवड्याच्या सुमारापासून प्रसूतीपर्यंत रोज १००० युनिट विरुद्ध औषध नसलेली सारखीच दिसणारी कॅप्सूल. २०२२ मध्ये त्यातल्या मुलांच्या इसबाचा हिशोब आला. पहिल्या वर्षी ड च्या गटात इसब बराच कमी, विषमतेचं गुणोत्तर (ऑड्स रेशो, १ म्हणजे फरक नाही) ०.५५. दुसऱ्या आणि चौथ्या वर्षी फरक पुसट होऊन कसोटीला उतरला नाही. आणि हा फायदा महिन्याहून जास्त काळ अंगावर प्यायलेल्या बाळांत ठळक होता. पुन्हा तेच चित्र: सुरुवातीला थोडं काही, नंतर विरून जातं.

आणि 'गोळ्या जास्त झाल्या म्हणून' म्हणणाऱ्यांना सांग, ४४०० युनिटच्या चाचणीत अ‍ॅलर्जी वाढली असं आढळलं नाही. निरीक्षणातली ती भीती चाचणीत टिकली नाही.

रानवारा

माझ्या वहिनीने एका मैत्रिणीचं ऐकून गरोदरपणात एकदम मोठा डोस घेतला, 'एकदाच घ्या, सुट्टी'. असं चालतं का?

बालवैद्य

रानवारा, डॉक्टरांना न विचारता अजिबात नको. ड चरबीत साठतं, नको असेल तर लघवीतून निघून जात नाही. अतिरेक झाला तर रक्तात कॅल्शियम वाढतं: मळमळ, तहान, मूत्रपिंडावर ताण. स्वतःच्या मनाने घेताना रोज ४००० युनिट ही वरची मर्यादा मानतात. व्हीडार्टमधल्या बायका त्याच्या थोडं वर होत्या, पण त्यांच्यावर डॉक्टरांचं लक्ष होतं.

एकदाच घेण्याबद्दल: लंडनमध्ये १८० गर्भवतींवर हे करून पाहिलंय. २७ व्या आठवड्यात काहींना काहीच नाही, काहींना रोज ८००, काहींना एकाच वेळी २ लाख युनिट. ३ वर्षांनी मुलांच्या घरघरीत तिन्ही गटांत फरक नव्हता. वहिनींनी त्यांच्या डॉक्टरांना काय घेतलं ते नेमकं सांगावं, डबी असेल तर दाखवावी. उगीच घाबरवत नाही, पण त्यावर आणखी गोळ्या चालू असतील तर त्यांना कळायला हवं.

सांजवात

डॉक, मग घरात दमा असताना मी बाळासाठी करू तरी काय? काहीतरी असेल ना जे खरंच उपयोगी पडतं.

बालवैद्य

आहे, थोडकंच आहे. पहिलं म्हणजे धूर. गर्भारपणात आणि नंतर घरात कुणीही सिगारेट न ओढणं. लहान मुलाच्या छातीच्या घरघरीशी याचा संबंध इतका पक्का आहे की त्यापुढे ड ची सगळी चर्चा किरकोळ ठरते. आई ओढत नसेल तर वडिलांना सांगायचं, आणि 'गॅलरीत जाऊन ओढतो' हे उत्तर पुरेसं नाही.

दुसरं अन्नाच्या अ‍ॅलर्जीबद्दल. पूर्वी आम्ही सांगायचो की शेंगदाणा, अंडं उशिरा सुरू करा. २०१५ च्या लंडनमधल्या 'लीप' चाचणीने ते उलटवलं. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची बाळं होती. शेंगदाणा मऊ रूपात नियमित खाऊ घातलेल्या आणि पूर्ण टाळलेल्या गटांची तुलना केली. ज्यांची त्वचेची चाचणी सुरुवातीला निगेटिव्ह होती, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी टाळणाऱ्या गटात १३.७ टक्के आणि खाणाऱ्या गटात १.९ टक्के. असा फरक पाहिला की पी विचारावासा वाटत नाही. (अक्खा शेंगदाणा बाळाला कधीच देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. आणि इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.)

जन्मल्यापासून सगळ्या बाळांना मलम चोपडलं की इसब टळतो, हाही समज २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांनी खोडला. इसब झाल्यावर मलम हवंच, ती वेगळी गोष्ट.

अंगावर पाजा, पण आईच्या दुधात ड फार कमी असतं, म्हणून बाळाला पहिल्या दिवसांपासून रोज ४०० युनिटचे ड्रॉप्स. हे पुन्हा हाडांसाठी.

इरा_

डॉक, माझ्या मुलासाठी तीन वर्षं ऐकलेल्या सल्ल्यांपैकी निम्मे तुम्ही दोन परिच्छेदांत निकालात काढले. धन्यवाद.

सांजवात

गोळ्या चालू ठेवते. नवऱ्याला 'गॅलरीत जाऊन' वालं वाक्य वाचून दाखवलं, तो सध्या गप्प आहे.

अजून एक शंका. माझ्या बहिणीचाही रिपोर्ट आलाय, ती परदेशात आहे. तिचं ४० आलं. ती म्हणते, तुझ्यापेक्षा तिप्पट, मला गोळ्यांची गरजच नाही.

आकडेमोड

एकक बघायला सांगा. काही देशांत नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहितात, काही ठिकाणी नॅनोमोल प्रति लिटर. नॅनोग्रॅमला अडीचने गुणलं की नॅनोमोल. म्हणजे तुमचे १४ तिथे ३५ होतात. तिचे ४० नॅनोमोलमध्ये असतील तर ते आपल्या हिशोबाने फक्त १६. अनेक संस्था २० नॅनोग्रॅम, म्हणजे ५० नॅनोमोल, पुरेसे मानतात.

सांजवात

आत्ताच फोटो मागवला. नॅनोमोलच आहे. तिला उद्याच डॉक्टरांकडे धाडते.